कोऱ्या पत्राचे उत्तर

चातुर्मासात मंदिरातून पुराण वा प्रवचन चालते आणि त्याच्या अखेरीस थोडा वेळ शंकासमाधानासाठी राखलेला असतो, ही रीत आमच्या वाचकांना नवी नाही. पूर्वी श्रोता जागेवरून उठे, हात जोडी आणि प्रश्न विचारी. आता पुष्कळ ठिकाणी सभामंडपाच्या दाराशी एक पेटी ठेवतात. तीत चिठ्ठ्या टाकावयाच्या आणि प्रवचनकारांच्या हाती त्या जाण्यापूर्वी कोणी जाणत्या गृहस्थाने त्या चाळून घ्यावयाच्या, असा प्रघात पडला आहे. बऱ्हाणपुरातील एका मंदिरात गेल्या चातुर्मासात हे चाळण्याचे काम आमच्याकडे आले होते. सूचना एकच होती: बाष्कळ प्रश्न पुढे जाऊ देऊ नयेत. प्रस्तुत लेख त्या सूचनेच्या परीक्षणासाठी आहे, आणि या परीक्षणात पहिले आरोपी आम्हीच आहोत, हे आरंभीच सांगितलेले बरे.

बाजूला काढलेल्या चिठ्ठ्यांपैकी तीन आमच्या ध्यानात राहिल्या. एकीत विचारले होते की, एकादशीला भगर चालते, मग तांदूळ का चालत नाहीत? दुसरीत, नैवेद्य दाखविल्यावर ताटातील अन्न कमी का होत नाही? तिसरी चिठ्ठी पेन्सिलीने, निम्म्या मराठीत आणि निम्म्या हिंदीत लिहिलेली होती: आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत देव झोपतात, तर या चार महिन्यांत बोललेला नवस कोण ऐकतो? आम्ही हसलो. शेजारच्या गृहस्थांना ती दाखविली, तेही हसले. मग ती ढिगात गेली आणि मायावादाविषयीचा एक सुवाच्य, संस्कृतप्रचुर प्रश्न पुढे गेला. त्याचे उत्तर पाऊण तास चालले आणि मंडपातील अर्धे लोक त्या वेळात उठून गेले.

मागील रांगेत खांबाला टेकून बसणाऱ्या एक वृद्ध बाई रोज शेवटची चिठ्ठी वाचून होईपर्यंत थांबत असत. पुढे त्या येईनाशा झाल्या. मागाहून कळले की ती पेन्सिलीची चिठ्ठी त्यांचीच होती. शाळेत जाणाऱ्या नातवाकडून त्यांनी ती लिहवून घेतली होती. घरात सुनेचे दुखणे होते, श्रावणात नवस बोलला होता, आणि तो देवापर्यंत पोहोचला की नाही एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे होते.

चिठ्ठ्या निवडाव्यात असे म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वेळ थोडा असतो. तोच प्रश्न दहा जण विचारतात. कोणी प्रवचनकारांची फजिती करावी म्हणून विचारतो, तर कोणी आपले पांडित्य लोकांना दिसावे म्हणून. यांना आवर घातला नाही तर खऱ्या जिज्ञासूचा वेळ बुडतो. शिवाय सभेची काही प्रतिष्ठा असते आणि ती राखणे हे व्यवस्थापकांचे कर्तव्यच आहे. हे सर्व खरे. परंतु या सर्व कारणांत ‘प्रश्न साधा आहे’ हे कारण कोठेच येत नाही. पुनरावृत्ती, कुचेष्टा आणि अहंकार हे दोष निराळे आणि भाबडेपणा निराळा. आम्ही ढिगात टाकलेल्या तिन्ही चिठ्ठ्यांत पहिल्या तिघांपैकी एकही दोष नव्हता. दोष एवढाच होता की त्या वाचून आम्हांला हसू आले.

या प्रश्नाचा विचार आपल्या परंपरेने कसा केला आहे, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. बऱ्हाणपुराहून तापीच्या प्रवाहाबरोबर खाली उतरत गेले की जळगाव जिल्ह्यात तापी आणि पूर्णा यांचा संगम लागतो. तेथे चांगदेवाचे मंदिर आहे आणि जवळच मुक्ताबाईचे स्थान आहे. चांगदेवांची कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास ते बसले आणि मायन्यापाशीच अडले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने हा मोठा. ज्ञानाने मोठा म्हणून नमस्कार लिहावा, तर वयाने हा पोर. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठविला. परंपरा असे सांगते की मुक्ताबाईने तो पाहून थट्टा केली. चौदाशे वर्षे जगूनही हा योगी कोराच राहिला, असा तिच्या बोलण्याचा आशय. परंतु निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी त्या कागदाचे उत्तर लिहिले. ते उत्तर म्हणजे पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’.

या कथेकडे आपण चमत्कार म्हणून पाहतो आणि तेथेच थांबतो. टीकाकाराच्या दृष्टीने तीत आणखी काही पाहण्याजोगे आहे. कोऱ्या कागदाहून अधिक बाष्कळ प्रश्न कोणता असू शकेल? तीत विषय नाही, शब्द नाही, साधा मायनाही नाही. आमच्या पेटीत तो कागद निघाला असता तर कोणी खोडसाळपणे टाकला असे समजून आम्ही तो चुरगाळला असता. आळंदीच्या त्या भावंडांतही थट्टा झालीच. ती मनुष्यस्वभावाला धरून आहे. परंतु थट्टा झाल्यावर पत्र परत गेले नाही. उत्तर देणाऱ्याने पाठविणाऱ्याची अडचण ओळखली. लिहिता न येणे हाच चांगदेवांचा प्रश्न होता, आणि मराठीतील अद्वैतपर वाङ्मयाचा एक अत्यंत नेटका ग्रंथ त्या न लिहिलेल्या प्रश्नातून निर्माण झाला. प्रश्नाची थोरवी उत्तर देणाऱ्याच्या हाती असते, ती अशी.

उपनिषदांकडे वळलो तर हेच दिसते. प्रश्नोपनिषदात सहा जण हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. पिप्पलाद त्यांना म्हणतात की एक वर्ष येथे तपाने आणि श्रद्धेने राहा, मग वाटेल ते विचारा. आम्हांला ठाऊक असेल तर सांगू. आता ही अट आहे, यात शंका नाही. पण ती अट प्रश्नावर नाही, विचारणाऱ्याच्या वृत्तीवर आहे. ‘आधी तुमचे प्रश्न दाखवा, त्यांतील योग्य ते निवडू’ असे ऋषी म्हणत नाहीत. आणि वर्ष उलटल्यावर पहिला जो प्रश्न येतो तो काय? ही सारी प्रजा कोठून जन्माला येते? घरातील चार वर्षांचे मूल याहून वेगळे काय विचारते? चौथा प्रश्न तर आमच्या पेन्सिलीच्या चिठ्ठीचाच सख्खा भाऊ आहे. मनुष्य झोपतो तेव्हा त्याच्यात कोण झोपते, कोण जागे राहते आणि स्वप्ने कोण पाहते, असे सौर्यायणी गार्ग्य विचारतो. त्या ऋषीच्या आश्रमात कोणी चाळणारा गृहस्थ असता, तर उपनिषदाचा एक सबंध भाग आपण गमावला असता.

याच्या विरुद्ध उदाहरण नाही असे नाही, आणि ते लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्यांना एकामागून एक विचारीत जाते: हे कशात ओवलेले आहे, आणि ते कशात? शेवटी याज्ञवल्क्य तिला बजावतात की आता अतिप्रश्न करू नकोस, नाही तर मस्तक गळून पडेल. आपल्याकडे अवघड प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करावयाचे असले म्हणजे ही गोष्ट हमखास सांगतात. पण ती अर्धीच सांगतात. गार्गी त्या क्षणी थांबली हे खरे. परंतु थोड्याच वेळाने भर सभेत ती पुन्हा उभी राहिली, मी आणखी दोन प्रश्न विचारणार असे तिने सांगितले, आणि याज्ञवल्क्यांनी त्या दोहोंची उत्तरे दिली. शिवाय ज्या प्रश्नाबद्दल तिला थांबविले तो प्रश्नही ग्रंथातून गाळलेला नाही.

मराठी गद्याचा तर पायाच अशा प्रश्नोत्तरांवर रचला आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या भोवतीची माणसे किती घरगुती गोष्टी विचारतात! खाण्यापिण्याच्या, वाटेने जाण्याच्या, देवळात दिसलेल्या मूर्तीच्या. त्या ‘बाळबोध’ म्हणून संकलकाने टाकून दिल्या नाहीत. या मंडळींत महदाइसा ही विचारण्याबद्दल विशेष प्रसिद्ध. महानुभाव वाङ्मयात तिचा गौरव जिज्ञासक म्हणूनच होतो. मराठीच्या आद्य कवयित्रींत आपण तिची गणना करतो ती ‘धवळ्यां’मुळे, पण तिच्या काळच्या लोकांना ती प्रथम प्रश्न विचारणारी बाई म्हणून ठाऊक होती. समर्थांचा ‘दासबोध’ घ्या. वीस दशके आणि दोनशे समास यांचा हा ग्रंथ वक्ता आणि श्रोता यांच्या संवादातून पुढे सरकतो. श्रोत्याने मधेच आशंका घ्यावी आणि वक्त्याने ती फेडावी, असे वारंवार घडते. समर्थांना मूर्खपणाचे वावडे होते. दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खांच्या लक्षणांचा आहे. परंतु त्याच दशकाच्या अखेरीस, दहाव्या समासात, त्यांनी पढतमूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. चिठ्ठ्या चाळावयास बसणाऱ्या प्रत्येकाने हे दोन समास शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. आम्ही ते उशिरा वाचले.

कोंकणीभाषक वाचकांना येथे स्वतःच्या देवळातील रीत आठवेल. गोव्यात आणि कोकणात देवाला कौल लावतात, प्रसाद घेतात. मूर्तीला पाकळ्या वा पाने लावून प्रश्न घातला जातो आणि उजवी पडली की डावी, यावरून देवाचे मन जाणतात. तेथे काय काय विचारतात? मुलीची सोयरीक करावी का, विहीर या जागी खणावी का, हरवलेली गाय मिळेल का. देवाच्या दारात यांतील एकही प्रश्न हलका ठरत नाही. मात्र एक शिस्त आहे. प्रश्न असा घालावा लागतो की उजवे-डावे उत्तर येऊ शकेल. आणि तो तसा घालण्यासाठी पुजारी वा गुरव त्या माणसाला साहाय्य करतो. गोंधळलेल्या यजमानाला तो परत पाठवीत नाही, त्याच्याकडून गाऱ्हाणे नीट वदवून घेतो. पेटीशी बसणाऱ्याचे खरे काम आम्हांला यातच दिसते: प्रश्न गाळण्यापेक्षा प्रश्नाला वाट करून देणे.

भाषेचाही मुद्दा येथेच येतो. गोव्यात पुष्कळ घरी बोलणे कोंकणीत आणि देवळातील कीर्तन मराठीत, अशी वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. येथे मराठी घराची मुले हिंदीत शिकतात आणि बाजारात हिंदी, उर्दू, गुजराती सर्वच कानांवर पडते. अशा ठिकाणी मनातील शंका सभेच्या भाषेत मांडताना ती मोडते. मोडलेले वाक्य वाचून विचारही मोडका आहे असे आपण समजतो. आमच्या ढिगाकडे पुन्हा पाहिले तेव्हा ध्यानात आले की आम्ही प्रश्न निवडलेच नव्हते. आम्ही अक्षर निवडले होते, शुद्धलेखन निवडले होते, आणि आपल्यासारखे बोलणारी माणसे निवडली होती.

आता कोणी म्हणेल, भाबड्या प्रश्नाचा मान राखणे हे सौजन्य झाले, पण त्यातून ज्ञान काय मिळते? भगरीचाच प्रश्न घेऊ. तो नीट हाती घेतला तर उपवासाला वर्ज्य काय आणि का, याचा विचार करावा लागतो. भगर शेतातील मुख्य धान्यांत धरली जात नाही, म्हणून ती चालते, असे एक उत्तर मिळते. पण तेवढ्याने भागत नाही. उपवासाच्या ताटातील बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, ही सारी मूळची अमेरिकेतील पिके. पोर्तुगीज या किनाऱ्यावर आल्यानंतरच्या काळात ती आपल्याकडे रुळली. म्हणजे ज्या फराळाला आपण सनातन समजतो, त्यातील बराच भाग ज्ञानेश्वरांनी पाहिलाही नव्हता. शास्त्र, शेती आणि इतिहास या तिन्हींचा विचार एका बाष्कळ ठरविलेल्या चिठ्ठीत दडला होता.

आमच्या गावातील आणखी एक उदाहरण देतो. येथे 1615 मध्ये, खानखानान अब्दुर्रहीम यांच्या काळात, कुंडी भंडारा नावाची पाणीयोजना झाली. पाहुण्यांबरोबर तेथे गेले की एखादे मूल हटकून विचारते, एकच मोठी विहीर खणावयाची सोडून इतक्या लहान विहिरी ओळीने कशाला खणल्या? मोठी माणसे त्याला गप्प बसवतात. पण हाच प्रश्न त्या सबंध रचनेची किल्ली आहे. त्या निराळ्या विहिरी नव्हेतच. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपत जाणारे पाणी जमिनीखालीच अडवून एका भुयारी कालव्यात घेतले आहे. तो कालवा केवळ उताराच्या बळावर वाहतो, आणि शंभराहून अधिक कुंड्या या त्याला हवा मिळावी, माती उपसता यावी, पाणी काढता यावे म्हणून ठेवलेली तोंडे आहेत. मुलाला जे विसंगत दिसले तेच नेमके समजून घेण्यासारखे होते.

उलटपक्षी, प्रश्नाला हसण्यावारी नेले की काय होते, याचेही उदाहरण येथेच आहे. मुमताजमहल 1631 मध्ये बऱ्हाणपुरात निवर्तली आणि तिचे पहिले दफन तापीपलीकडे झाले. साहजिकच प्रत्येक पाहुणा विचारतो, मग ताजमहाल येथे का नाही? हा प्रश्न इतक्यांदा आला आहे की ऐकणारा कंटाळतो आणि काहीतरी सांगून मोकळा होतो: येथील मातीला वाळवी लागते, नदीत प्रतिबिंब नीट पडत नाही, इत्यादी. ही उत्तरे आता गावोगाव पसरून इतिहास म्हणून मिरवितात. यात वेडगळपणा कोणाचा झाला? विचारणाऱ्याचा खासच नव्हे. तसेच जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. तो संवत् 1646 चा, म्हणजे 1590 च्या सुमाराचा असून त्यात फारुकी राजांची वंशावळ दिली आहे. ‘मशिदीत संस्कृत कशाला?’ असे शाळकरी मुलाने विचारले तर त्याला ‘उगाच काहीतरी विचारू नकोस’ म्हणावे, की या गावात चारशे वर्षांपूर्वी कोणकोणत्या भाषांना मान होता हे सांगावे, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

तेव्हा चाळणी मुळीच नको का? आम्ही तसे म्हणत नाही. आपल्या न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा असे भेद केले आहेत. सत्य जाणण्यासाठी बोलणे तो वाद, केवळ जिंकण्यासाठी बोलणे तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचा मोडणे ती वितंडा. हा भेद हेतूवरून केलेला आहे, विषयाच्या उंचीवरून नव्हे. बौद्धांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत: ज्याचे सरळ उत्तर द्यावे तो, ज्याचे विभाग करून उत्तर द्यावे तो, ज्याला उलट प्रश्न विचारून उत्तर द्यावे तो, आणि जो बाजूला ठेवावा तो. बाजूला ठेवणे हा चौथा उपाय आहे. पहिले तीन करून पाहिल्यावाचून त्याकडे वळणे योग्य नाही. आम्ही मात्र चौथ्यापासूनच आरंभ केला होता.

म्हणून व्यवस्थापकांना आमची विनंती अशी आहे. तोच तो प्रश्न असेल तर चिठ्ठ्या एकत्र करून एकदाच वाचावा, आणि ‘हे सात जणांनी विचारले आहे’ असे सांगावे. आपण एकटे नाही, हे कळूनही माणसाला धीर येतो. कोणाची निंदा करणारी चिठ्ठी खुशाल बाजूला ठेवावी. वाक्य मोडके असेल तर लिहिणाऱ्याला भेटून ते सांधावे. वेळ उरला नाही तर उरलेल्या चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी प्रथम घ्याव्यात. आणि उत्तर ठाऊक नसेल तर पिप्पलादांप्रमाणे आधीच सांगून ठेवावे की आम्हांला ठाऊक असेल तेच सांगू. प्रवचनकारांचा मान याने कमी होत नाही. मंदिराच्या दारात पादत्राणे काढून यावयास आपण सांगतो. विद्वत्ता घेऊन यावयास सांगत नाही.

आता राहिले आमचे प्रायश्चित्त. त्या वृद्ध बाईंच्या घरी आम्ही गेलो. सुनेचे दुखणे तोवर उताराला लागले होते. आम्ही त्यांना पिप्पलादांचे उत्तर आपल्या साध्या भाषेत सांगितले: माणूस झोपला की त्याची इंद्रिये झोपतात, पण या देहाच्या नगरीत प्राणाचे अग्नी जागेच असतात, माणसाच्या झोपेचीच जर ही कथा, तर देवाच्या झोपेत ऐकणारा कोणी जागा नसेल असे कसे मानावे? त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग एवढेच म्हणाल्या, “मग भाऊ, हे त्या दिवशी देवळातच का नाही सांगितलं? माझ्यासारख्या आणखी चार जणींनी ऐकलं असतं.”

त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. यंदा पेटी पुन्हा आमच्याकडे आली तर पेन्सिलीच्या चिठ्ठ्या आम्ही प्रथम पुढे पाठविणार आहोत.